एकच शातो, दोन वर्षं : १९९६ आणि २०१६

जुन्या-नव्या बोर्दोची, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या रेड वाइनची, तुलना करायची तर शातो (द्राक्षमळा आणि वाइन बनवणारं घराणं) एकच हवा. नाहीतर फरक वयाचा की जमिनीचा, हे कळणार कसं? मी बोर्दोतल्या सँ-जुलियँ गावचा लेओव्हिल बार्तों घेतला. त्यात काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचा वाटा मोठा, म्हणून वाइन दीर्घकाळ टिकते. १९९६ आणि २०१६ ही द्राक्षतोडणीची दोन्ही वर्षं मेदोकला (सँ-जुलियँ ज्यात येतं त्या भागाला) चांगली गेली होती.

१९९६ ची बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवली. टॅनिन (द्राक्षातलं तुरट द्रव्य) आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. तो हा गाळ. आडवी बाटली ऐनवेळी उचलली की तो ढवळला जातो आणि वाइन कडवट लागते.

इतकं जुनं बूच भुसभुशीत असतं, स्क्रूने चुरा होतो. त्यामुळे दोन पात्यांचं ओपनर वापरलं. लांब पातं आधी, बूच आणि काचेच्या फटीत. मग दोन्ही पाती हळूहळू डोलवत खाली आणि पिळत वर. घाई केली की बूच आत पडतं.

मानेखाली टॉर्च धरून एका संथ धारेत ओतलं. गाळाची पहिली रेघ मानेशी आली की थांबायचं. तळाचे ४०-५० मिली सोडून द्यावेत. लगेच प्यायला घेतली, कारण या वयाच्या वाइनचा गंध तासाभरात ओसरू शकतो. २०१६ मात्र तीन तास आधीच डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या भांड्यात, काढली होती. तिला हवा लागतेच.

तापमान दोन्हींचं १७ अंश. मुंबईतल्या घराच्या २८ अंशांत अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा गंध दबतो. बर्फाच्या पाण्यात बाटली बुडवून थर्मामीटर लावावा.

आधी कोणती? रूढ पद्धत नवी आधी. मला ती इथे पटत नाही. तरुण काबर्नेचं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, तोंड कच्ची सुपारी चघळल्यासारखं कोरडं पडतं, आणि त्यावर जुनी वाइन पाणचट वाटते. म्हणून जुनी, नवी, पुन्हा जुनी, प्रत्येक वेळी ६० मिली.

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरला. २०१६ काठापर्यंत गडद जांभळी, १९९६ काठाला विटकरी. नवीला ब्लॅककरंट आणि नव्या लाकडाचा वास. जुनीला देवदार, तंबाखू, पेन्सिल तासल्यावर येणारा वास आणि ओली माती. जुनीतला तुरटपणा गेला नव्हता, मऊ झाला होता. आंबटपणा मात्र दोन्हींत ताजा होता, आणि माझ्या मते २०१६ टिकेल ती त्याच्याच जोरावर. (ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित आहे, ती बाटली तुलनेतून बाद.)

उरलेली २०१६ बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ती अधिक मोकळी लागली. १९९६ उरवू नये.