केसचा जुना चाकू: आधी ठिपके मोजा
अमेरिकेतल्या केस कंपनीचा जुना खिशातला चाकू घेताना पाते उघडून बिजागरीजवळचा शिक्का भिंगाखाली पाहा. ‘केस एक्सएक्स यूएसए’ या अक्षरांखाली १० ठिपके असतील आणि ‘केस’मधला इंग्रजी ‘एस’ विजेसारखा टोकदार नसेल तर साल १९७०. पुढे दरवर्षी एक ठिपका कमी, १९७९ला एकच उरला. याच शिक्क्याला ठिपकेच नसतील तर चाकू १९६५ ते १९६९चा. पात्यावर ६२५४ हा नमुन्याचा क्रमांक असेल तर ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ट्रॅपर नावाचा नमुना.

शिक्का उथळ आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर पॉलिशच्या चाकावर धातू झिजलाय. असल्या चकाकीपेक्षा काळपट पडलेलं, पण पूर्ण रुंदीचं पातं कितीतरी चांगलं! उघडं पातं आडवं हलवूनही बघाच. बिजागरीचा खिळा सैल असेल तर लगेच कळतं.