लेझरचा ठिपका का थरथरतो: पंख्यावर आळ घेण्याआधी

टेबलावरच्या लेझरचा ठिपका दहा मीटरवरच्या भिंतीवर नाचू लागला की हात आधी पंख्याच्या बटणाकडे जातो. पंखा बहुतेकदा निर्दोष असतो. सेकंदाला ५ मीटर वाऱ्याने हवेच्या दाबात जेमतेम १५ पास्कलचा फरक पडतो. त्याने हवेचा अपवर्तनांक (हवा प्रकाशाला किती मंदावते, वळवते त्याचं माप) जेवढा बदलतो, तेवढा तापमानातल्या ०.०४ अंशाच्या फरकानेही बदलतो. हवा सगळीकडे एकाच तापमानाची असेल तर ती घुसळून किरणाचं फारसं बिघडत नाही. गरम-गार हवा एकमेकींत मिसळत असेल तर मात्र खैर नाही. तापमान १ अंश वाढलं की अपवर्तनांक साधारण दहा लाखांत १ ने घटतो. १ मीटर वाटेवर एवढ्यानेच तांबड्या लेझरच्या दीड तरंगलांबीइतका फरक पडतो, आणि इंटरफेरोमीटरचे (दोन किरण एकमेकांवर पाडून अंतरातला बारीक फरक मोजणारं यंत्र) काळे-उजळ पट्टे केव्हाच सरकलेले असतात. (विमानावरच्या लेझरला मात्र वेग खरंच नडतो. सेकंदाला २५० मीटर वेगात हवेची घनताच बदलते.)

करून बघायचं तर १ मिलिवॅटच्या आतला पॉइंटर क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा, भिंतीवर आलेख कागद लावा. तापलेलं सोल्डरिंग आयर्न लेझरजवळ, किरणाच्या थोडं खाली आडवं धरा. वर चढणाऱ्या हवेत १ सेंमीत ३० अंशांचा फरक असेल आणि किरण त्यातून १० सेंमी जात असेल, तर तो ०.३ मिलिरेडियन वळतो. म्हणजे भिंतीवर ३ मिमी. आता तेच आयर्न भिंतीपासून अर्ध्या मीटरवर न्या. ठिपका ०.१५ मिमीच हलेल. वळण तेवढंच, पुढचं अंतर कमी. उपग्रहाकडे जमिनीवरून जाणारा लेझर खाली येणाऱ्या लेझरपेक्षा जास्त भरकटतो तो याचमुळे: खळबळीची हवा त्याला सुरुवातीलाच लागते.

गरम-गार हवेचा भोवरा किरणाच्या रुंदीपेक्षा मोठा असेल तर अख्खा ठिपका सरकतो. लहान असेल तर ठिपका फाटतो, त्यात काळे-उजळ डाग पळतात. म्हणून बीम एक्सपांडरने किरण ५ सेंमी रुंद केला की भटकणं कमी दिसतं, डाग वाढतात. ठिपक्यातले बारीक कण मात्र यात मोजू नका. ते भिंतीच्या खरखरीतपणामुळे दिसतात, डोकं हलवलं की तेही हलतात. फोटो १/१००० सेकंदाचा घ्या; १ सेकंदाच्या फोटोत सगळं मिसळून नुसता गोल धब्बा उरतो.

ठिपका ठरावीक लयीत हलत असेल तर हवेला सोडा, टेबल किंवा स्टँड तपासा.

उपाय साधे आहेत. पॉवर सप्लाय, दिवा, लॅपटॉप किरणाच्या खाली ठेवायचे नाहीत. एसीचा झोत वळवायचा. किरणाभोवती पीव्हीसी पाइप घालायचा, पण लेझरचं गरम तोंड त्यात खुपसायचं नाही, नाहीतर गरम हवा पाइपातच खेळत राहते. पाइपात हवेचे थर लागले तर किरण एका बाजूला झुकतो खरा, पण थरथरत नाही, ते चालतं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लेझर वेधशाळेच्या भुजा ४ किमी लांब असणार आहेत. तिथे नुसता पाइप पुरत नाही, आतली हवाच उपसावी लागते. अशा नळ्यांत दाब वातावरणाच्या साधारण लाख कोटीव्या भागाइतका उरतो.