पावसासाठी जमिनीखाली

सान इग्नासियो, बेलीझ. मंगळवार रात्र

सकाळी शुनानतुनिच हे माया संस्कृतीचं जुनं शहर पाहून आलो. सान होसे सुक्कोत्स गावाशी मोपान नदी आडवी येते. पलीकडे न्यायला तारेला बांधलेला तराफा आहे, हाताने चाक फिरवून चालतो. गाडीसुद्धा त्याच्यावरच चढते. तराफेवाल्याने लेकीला थोडा वेळ चाक फिरवू दिलं, त्यामुळे स्वारी खूश.

चढ संपला की एकदम मोकळं पटांगण लागतं आणि समोर एल कास्तियो हा पिरॅमिड, जवळपास ४० मीटर उंच. वरून ग्वातेमालाचं रान दिसतं. इमारतीच्या अंगावर देवांची, आकाशाची, ताऱ्यांची नक्षी आहे, चुन्याच्या गिलाव्यात घडवलेली. आपल्याला दिसते ती फायबरग्लासची प्रतिकृती. खरी नक्षी तिच्याआड झाकून ठेवली आहे, ऊन-पाऊस लागू नये म्हणून. काही प्रवासी यावर नाराज होते. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. हजारएक वर्षं टिकलेली गोष्ट आपल्या एका फोटोसाठी कशाला उघडी ठेवायची?

इथे २०१६ मध्ये पुरातत्त्वज्ञ हाइमे आवे यांच्या चमूला एक मोठं थडगं सापडलं. आवे बेलीझचेच. उद्या आम्ही ज्या गुहेत जाणार आहोत तिथलं बरंचसं उत्खननही त्यांनीच केलेलं, म्हणून मी गाईडला त्यांच्याबद्दल खोदून खोदून विचारत होते. गाईड पन्नाशीचे, याच भागात वाढलेले. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. आसपासची मोठी माया शहरं डळमळू लागली होती, तेव्हाही, म्हणजे आठव्या-नवव्या शतकात, शुनानतुनिचची भरभराट चालू होती. मग हेही ओस पडलं. का, असं विचारल्यावर म्हणाले, "त्याचं थोडं उत्तर उद्या जमिनीखाली दाखवतो."

बुधवार रात्र

हात अजून दुखतायत, पण आजचं आजच लिहायला हवं.

गुहेचं नाव आक्तुन तुनिचिल मुकनाल. सगळे नुसतं एटीएम म्हणतात. टीकेटल गावाकडून आत गाडीरस्ता, मग टेपिर माउंटनच्या राखीव जंगलातून पायी, वाटेत रोअरिंग क्रीक तीनदा ओलांडायची. गाड्या थांबतात तिथेच फोन, कॅमेरे सगळं ठेवून द्यायचं. २०१२ मध्ये एका प्रवाशाच्या हातून कॅमेरा निसटून एका कवटीवर पडला आणि तिला भोक पडलं. तेव्हापासून आत कॅमेऱ्याला बंदी आहे. नियम कडक आहे आणि असाच असावा. शिवाय फोटो काढता येणार नाही हे कळल्यावर आमच्या गटातलं प्रत्येक माणूस जास्त नीट बघत होतं, हे मी आज स्वतः पाहिलं.

गुहेच्या तोंडाशी खोल डोह आहे, तिथे पोहूनच आत शिरावं लागतं. पाणी निळंहिरवं आणि चांगलंच गार. पुढे कधी गुडघाभर, कधी छातीपर्यंत, दगडांच्या कडांना धरत प्रवाहाविरुद्ध चालायचं. एका ठिकाणी दोन खडकांच्या मधली फट इतकी अरुंद की पाण्यात गळ्यापर्यंत बुडून, मान तिरकी करूनच पलीकडे सरकता येतं. गाईड मागे वळून प्रत्येकाचा हात योग्य दगडावर ठेवून देत होते. मध्येच त्यांनी सगळ्यांना हेडलॅम्प बंद करायला लावले. तो अंधार डोळे मिटल्यावरचा नाही, त्याहून दाट. माया लोक इथे पाइनच्या लाकडाच्या मशाली घेऊन येत.

साधारण किलोमीटरभर आत गेल्यावर एका मोठ्या दगडावरून वर चढलो, कोरड्या भागात. तिथे बूट काढायचे आणि नुसते मोजे घालून चालायचं. बुटाने खापरं फुटतात आणि अनवाणी गेलं तर अंगाचा तेलकटपणा दगडाला लागतो, म्हणून मोजे. गाईड म्हणाले, "पाऊल टाकायच्या आधी दिवा खाली धरा. इथे खापर आणि दगड सारखेच दिसतात."

खरंच तसं आहे. पाण्याने चुनखडीवर लहान लहान बांध घातलेत, भाताच्या खाचरांसारखे, आणि त्या खाचरांत मडकी बसलेली. काही आडवी, काही पालथी, काही अर्धी दगडात रुतलेली. एका मडक्याशी मी बराच वेळ उकिडवी बसले. काठ माझ्या तळहाताएवढा रुंद बाहेर वळलेला, पोटाला काजळी. काठावर कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या स्फटिकाचा, पातळ थर चढून तो साखर सांडल्यासारखा चमकत होता. बुडाशी मुद्दाम पाडलेलं भोक. अर्पण करताना भांडं असं मारायचे, म्हणजे त्यातला जीव मोकळा होतो. शेजारी पाटा-वरवंटा. मका वाटायचा. कुठल्या तरी घरातून उचलून, पाण्यातून, त्या गळ्याएवढ्या फटीतून कुणीतरी तो पाटा इथवर आणला. आम्ही रिकाम्या हातांनी धापा टाकत होतो.

वरच्या एका कपारीत पाटीच्या दगडाचे दोन उभे स्तंभ आहेत. एक पाकट माशाच्या काट्यासारखा घडवलेला, दुसरा ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेच्या, पात्यासारखा. या दोन्हींनी स्वतःचं रक्त काढून देवाला वाहत. राजघराण्यातलेसुद्धा.

मुख्य दालनात माणसं आहेत. मुद्दामच अवशेष म्हणत नाही. गुहेत किमान १४ जणांची हाडं मिळाली, बहुधा बळी दिलेल्यांची, आणि त्यात लहान मुलंही आहेत. एका कवटीचं कपाळ मागे चपटं झालेलं दिसतं, बाळपणी बांधून घडवलेलं, तेव्हाच्या सौंदर्याच्या कल्पनेप्रमाणे. म्हणजे कुणीतरी त्या बाळाचं डोकं रोज हळूहळू बांधलं असणार. आईनेच, बहुतेक.

आमच्या पुढच्या गटातला एक माणूस मोठ्याने म्हणाला, किती रानटी लोक. मला ते फार लागलं. लहान मुलाचा बळी देणं मला कुठल्याही काळात मान्य होणार नाही आणि त्याला संस्कृती म्हणून पांघरूण घालायचीही माझी तयारी नाही. पण रानटी म्हटलं की विचार तिथेच संपतो. ही माणसं शून्य वापरत होती, शुक्राच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवत होती. ती इथपर्यंत का आली, हा खरा प्रश्न आहे.

गाईडचं उत्तर पावसापाशी येऊन थांबलं. त्यांच्या सांगण्यानुसार जुन्या काळातली अर्पणं तोंडाजवळ, उजेडात सापडतात. शेवटच्या काळातली इतकी खोल. गुहा म्हणजे शिबाल्बाचं, पाताळाचं दार आणि पाऊस देणाऱ्या चाक नावाच्या देवाचं घर. तो ऐकत नाही, तर अजून आत जायचं, अजून मोठं काही द्यायचं. पुरातत्त्वज्ञ होली मॉयस यांनी बेलीझच्या गुहांचा अभ्यास करून हेच मांडलं आहे, की दुष्काळाच्या काळात गुहांमधले विधी वाढले. आणि दुष्काळ पडल्याचा पुरावाही गुहांमधूनच आला. दक्षिण बेलीझमध्ये योक बालुम नावाची गुहा आहे. तिथला एक लवणस्तंभ थराथराने तपासून संशोधकांनी सुमारे २००० वर्षांच्या पावसाचा आलेख काढला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. थेंबाबरोबर येणाऱ्या ऑक्सिजनचे हलके-जड प्रकार असतात, पाऊस कमी-जास्त झाला की त्यांचं प्रमाण बदलतं आणि ते दगडात गोठून राहतं. नवव्या शतकाकडे पाऊस घटत गेलेला त्यात दिसतो. सगळा दोष एकट्या दुष्काळावर टाकता येत नाही. लढाया होत्या, राजांवरचा विश्वास उडाला होता. पण ज्या राजाचं कामच पाऊस आणणं, त्याच्या राज्यात पाऊस नसेल तर बाकी काय उरतं?

माझे आजोबा माण तालुक्यातले. १९७२ च्या गोष्टी आम्ही त्यांच्याकडून ऐकत वाढलो. पाऊस लांबला की गावात धोंडी निघायची. कडुनिंबाचा पाला अंगाला गुंडाळलेला पोरगा, बरोबर बेडूक, आणि बायका दारात येऊन त्याच्यावर पाणी ओतायच्या. आज जेवताना गाईडनी सांगितलं की युकातानच्या माया गावांत अजूनही चा चाक नावाचा विधी होतो. वेदीच्या चारी कोपऱ्यांशी लहान मुलं बसवतात आणि ती बेडकांसारखी ओरडतात. माझा घास हातातच राहिला. त्यांना धोंडीबद्दल सांगितलं, तर त्यांनी पोराच्या अंगावर कुठला पाला बांधतात इथपासून सगळं विचारून घेतलं.

गुहेतलं शेवटचं दालन शिडीवर आहे. तिथे एक पूर्ण सांगाडा उताणा पडलेला, हात-पाय पसरलेले, हाडांवर कॅल्साइट चढून चमकणारा. त्याला स्फटिककन्या म्हणतात. नंतरच्या तपासणीत मात्र ती हाडं बहुधा विशीच्या आतल्या एका मुलाची असावीत असं दिसलं. लेक माझ्या शेजारी उभी होती, तीही त्याच वयाची. खाली उतरल्यावर तिने विचारलं, "आई, त्याला माहीत असेल का, कशासाठी आणलंय ते?" गाईडनी तिला सांगितलं की तो कुणी पकडून आणलेला होता की इथलाच, हे त्या हाडांवरून एवढ्यात सांगता येत नाही. खोटं काही सांगितलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, इथे पाऊस कधी लागतो? त्यांच्या भावाची मक्याची शेती आहे. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, म्हणाले. तोवर रान तोडून, जाळून जमीन तयार ठेवायची. गेली काही वर्षं तारीख पाळत नाही, असंही म्हणाले.

उद्या काराकोल, आणखी एक जुनं माया शहर. काना हे तिथलं ४३ मीटरचं मंदिर उन्हाच्या आत चढायचं आहे, म्हणून पहाटे निघणार. कपडे दोरीवर टाकलेत, मोजे अजून चिंब आहेत.