पाश्चात्त्य : दुसरा त कुठून आला?

स्मरणिकेसाठी आठवण मागितली की बहुतेक जण घंटा, डबा आणि छडी लिहून पाठवतात. मी संस्कृतच्या तासातला एक शब्द पाठवतो आहे.

शब्द आहे ‘पाश्चात्त्य’. हल्ली तो जुनाट वाटतो. बोलताना ‘वेस्टर्न’ येतं, बातमीत ‘पाश्चिमात्य’ येतं. पाश्चात्त्य उरला आहे तो तत्त्वज्ञानाच्या आणि संगीताच्या पुस्तकांवर, आणि तिथेही बहुधा एक त गळालेला.

त्याचा अर्थ समजायला पहाटे गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी, जावं. रामकुंडाशी उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की समोर ती पूर्व. ‘पुरस्’ म्हणजे पुढे. उजव्या हाताला दक्षिण. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, आणि गोदावरीही नेमकी इथेच दक्षिणेला वळते. पाठीमागे, त्र्यंबकच्या बाजूला, पश्चिम. ‘पश्चात्’ म्हणजे मागे. तेव्हा पाश्चात्त्य म्हणजे आधी ‘मागचा’, मग ‘पश्चिमेचा’. त्यात युरोप मुळात नाहीच. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, रघू ज्या घोडेस्वार पाश्चात्त्यांशी लढतो, ते पारसीकांच्या, म्हणजे इराणच्या, बाजूचे यवन आहेत. इंग्रज आल्यावर या तयार शब्दात त्यांना बसवलं, इतकंच.

आता घडण. पाणिनीचं सूत्र आहे ‘दक्षिणापश्चात्पुरसस्त्यक्’ (४.२.९८). दक्षिणा, पश्चात् आणि पुरस् या तीनच शब्दांना ‘त्यक्’ प्रत्यय लागतो. त्यातला शेवटचा क् ही नुसती खूण. तो उच्चारायचा नाही, पण तो असल्यामुळे शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे अ चा आ आणि उ चा औ. म्हणून दक्षिणा + त्य = दाक्षिणात्य, पुरस् + त्य = पौरस्त्य आणि पश्चात् + त्य = पाश्चात्त्य. एक त ‘पश्चात्’चा, दुसरा प्रत्ययाचा. पश्चात्ताप या शब्दात जे घडतं तेच इथे. महत् + त्व = महत्त्व, तेही त्याच जातीचं.

गडबड सुरू होते ती दाक्षिणात्यपासून. ‘दक्षिणा’ हे मुळातच आकारान्त अव्यय आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग ‘दाक्षिण’ अधिक ‘आत्य’ अशी चुकीची फोड होते आणि तो सुटा पडलेला ‘आत्य’ पश्चिमला चिकटवून ‘पाश्चिमात्य’, पूर्वला चिकटवून ‘पौर्वात्य’ तयार होतात. दोन्ही कानाला भारदस्त वाटतात आणि जोडीनेच फिरतात. पौर्वात्य तर आता इतका रुळला आहे की पौरस्त्य लिहिलं तर लोक छापण्यातली चूक समजतात. रुळलेल्या शब्दाशी माझं भांडण नाही, पण पश्चिमपासूनच शब्द हवा असेल तर सरळ ‘पश्चिमी’ किंवा ‘पश्चिमेकडचा’ म्हणावं. ओढूनताणून संस्कृत कशाला?

आपल्या बोलीत याहून साधा शब्द आहेच: मावळत. मावळतीचा वारा, मावळतीचं शेत. लॅटिनमधून आलेल्या ‘ऑक्सिडेंट’चा अर्थही हाच, सूर्य बुडतो ती बाजू, अरबीतलं ‘मगरिब’ही तसंच. म्हणजे शेतकऱ्याची मावळत, रोमन माणसाचा ऑक्सिडेंट आणि अरबांचा मगरिब एका विचाराचे. पाश्चात्त्य त्यांच्यातला नाही. बाकीचे सूर्य कुठे जातो ते सांगतात, हा माणूस कसा उभा आहे ते सांगतो. आणि ‘विलायती’चा तर दिशेशी संबंधच नाही. अरबी ‘विलायत’ म्हणजे राज्य, प्रांत. पुढे परदेशातून आलेलं ते सगळं विलायती झालं, त्यामुळे विलायती चिंचेचं मूळ मध्य अमेरिकेकडचं असलं तरी नाव तेच.

लिहिताना अडचण येते ती अशी. लहान टंकात ‘त्त्य’ आणि ‘त्य’ यांतला फरक एका आडव्या रेघेएवढा असतो, त्यामुळे मुद्रितं तपासताना नजर घसरते. ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’ असं शीर्षक असेल तर दोन्ही शब्द सुटे करून बघावेत. एकात त बरोबर असला की दुसऱ्यातही असेल असं मन धरून चालतं. संगणकावर त, हलन्त, त, हलन्त, य अशा पाच कळा दाबाव्या लागतात. अक्षरजुळणी करणाऱ्यांना विनंती, माझ्या लेखात त्यातल्या दोन वाचवू नका.