४५ पैकी ३४
मंगळवार, रात्री दीड

सिकलसेलची, म्हणजे माझ्या रक्ताच्या आजाराची, रोजची गोळी हायड्रॉक्सीयुरिया संपत आली म्हणून ओपीडीत गेले होते. रांगेत एक पोरगी फॉर्म घेऊन आली. तिचा प्रबंध आहे म्हणे. प्रश्नावली मूळची अमेरिकेतली, खास सिकलवाल्यांसाठी. आपलं दुखणं आपण सांभाळू शकू याची किती खात्री, ते मोजणारी. प्रश्न ९, प्रत्येकाला १ ते ५ गुण. 'अजिबात खात्री नाही'चा १, 'पक्की खात्री'चे ५.

माझे ३४ झाले. "छान आहेत ताई," म्हणाली.

आणि तेव्हापासून काहीतरी टोचतंय.

पहिलाच प्रश्न होता, दुखणं उठलं तर ते कमी करायला तुम्ही स्वतः काही करू शकाल याची किती खात्री? मी चार म्हटलं. तेही आईने झाकण उघडून हातात दिलेल्या बाटलीतला घोट गिळता गिळता. दर तासाला पाणी पी म्हणणारी ती. नागपुरात थंडी पडायच्या आत माझे मोजे, स्वेटर काढून ठेवणारी ती. रोजची गोळी घेतली का, हे विचारणारीही तीच. मग ते चार गुण कोणाचे? फॉर्मवर माझं नाव, वय, रक्तगट होता. तिच्यासाठी रकानाच नव्हता.

बाकीच्या सिकलवाल्यांच्या मानाने रोजचं आयुष्य कितपत निभावता, असाही एक प्रश्न होता. बाकावर शेजारी गडचिरोलीकडची एक मुलगी, पहाटेची एसटी धरून एकटीच आलेली. तिच्यादेखत मी पाच सांगितले. जाऊ दे.

उदास वाटलं तर? तीन. त्या स्थळाकडच्या लोकांनी माझा रिपोर्ट मागितला होता त्या आठवड्यात विचारलं असतं तर... पण तो विषय आज नको.

परत तिथेच येते. माझी खात्री म्हणजे आई घरात असण्याची खात्री. ती वजा केली तर किती उरतील? संध्याकाळी मनातल्या मनात फॉर्म पुन्हा भरला. १७ आले. रडूच आलं थोडं. एकतीस वर्षांची घोडी, आणि पास व्हायला आई लागते.

आता बाराच्या सुमारास नडगीत ठणका सुरू झाला. क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा मोठा झटका, नाही, नुसती चाहूल. आईला उठवलं नाही. पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेले, पाणी तापवलं, शेकायच्या पिशवीत ओतलं. निम्मं ओट्यावर. गोळी घेतली, तांब्याभर पाणी प्यायले. स्वतःवर जाम खूश होते. चार काय, साडेचार गुण!

आतून आवाज आला, "पिशवीचं बूच घट्ट लाव, मागच्या वेळी गादी भिजली होती."

दुखण्यामुळे झोपमोड होऊ न देण्याची किती खात्री, असंही विचारलं होतं त्या पोरीने. कोणाची झोप, ते मात्र फॉर्मवर नव्हतं.

बूच लावलंय. घट्ट.