दिवाळीच्या सुट्टीतली 'स्तोत्रं'

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, वार्षिक मेळावा सोलापुरात दिवाळीच्या सुट्टीत भरतो. पत्रिकेवर 'वार्षिक मेळावा' असं छापलेलं असतं, पण तसं कुणी म्हणत नाही. सगळे 'स्तोत्रं'च म्हणतात. "यंदा स्तोत्रांना येणार ना?" असं बार्शीची मावशी पोळ्यापासूनच विचारायला लागायची.

माझ्या लहानपणी चर्चच्या आवारात कनातीचा मांडव पडायचा. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडची माणसं वळकट्या घेऊन एसटीनं उतरायची आणि ज्याच्या घरात जागा असेल त्याच्याकडे राहायची. नातं विचारायची पद्धत नव्हती. आया-आत्या आधीच्या आठवड्यात कडक भाकऱ्या करून उतरंडीसारख्या रचून ठेवायच्या, शेंगाची चटणी कुटायच्या, आणि शेवटच्या दिवशी गव्हाची हुग्गी शिजायची. सकाळी थंडी जाणवायची, दुपारी मात्र सोलापूरचं ऊन ते सोलापूरचंच. जेवणं, पाहुणे, लहान मुलांची पळापळ हे सगळ्याच मेळाव्यांत असतं, त्याबद्दल जास्त सांगत नाही. आमच्याकडे वेगळं होतं ते स्तोत्रांचं.

जूनच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्या वर्षीची नेमलेली स्तोत्रं वाचून दाखवायचे. बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांतली दहा-बारा, आणि तिच्या पाच भागांतल्या प्रत्येकातलं एक तरी. मग दिवाळीपर्यंत घरोघरी पाठांतर. आमच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यांच्या मांडणीवर आई कागद चिकटवायची, भाकरी थापता थापता म्हणायची आणि अडलं की पिठाच्या हातानं ओळ दाखवायची. त्या कागदावर बोटाएवढे पांढरे डाग पडायचे. डाग जिथे जास्त, ती ओळ आईला जड जाते हे आम्हां पोरांना बरोबर कळायचं.

मेळाव्यात ती स्तोत्रं सगळ्यांपुढे उभं राहून म्हणायची. बक्षीस ठेवायचं नाही, हा जुन्या पंचांचा नियम. तो मला तेव्हाही आवडायचा आणि आज तर फारच शहाणपणाचा वाटतो. बक्षीस असतं तर अडखळणारी माणसं उभीच राहिली नसती, आणि आमच्या मेळाव्याची खरी श्रीमंती अडखळणाऱ्यांचीच होती.

१३६वं स्तोत्र कुणाच्याही वाट्याला गेलं तरी सगळ्यांचंच असायचं. त्याच्या २६ ओव्यांपैकी प्रत्येकीचा शेवट एकच, 'त्याची दया सनातन आहे'. म्हणणारा एक ओळ टाकायचा आणि मांडवभर तो शेवट उठायचा. चार-पाच वर्षांची पोरं बाकी काही कळो न कळो, तेवढं ओरडून म्हणायची. ११७वं तर दोनच ओव्यांचं, स्तोत्रसंहितेतलं सगळ्यांत लहान. सर्व राष्ट्रांनी, सर्व लोकांनी परमेश्वराचं स्तवन करावं एवढंच त्यात आहे, म्हणून आमच्याकडे ते मराठीत, मग तेलुगूत, मग कानडीत म्हणायची चाल पडली. सोलापुरात त्यासाठी माणसं शोधायला लागत नाहीत, गल्लीतच भेटतात. मध्येच पेटी-तबला निघायचा आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं व्हायची. टाळ वाजवणाऱ्या काकांना थांबवणं अवघड जायचं, आणि खरं तर थांबवावंसं कुणालाच वाटायचं नाही.

१२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेला सणासाठी चढून जाणाऱ्यांची म्हणून ओळखली जातात. आमच्या गुरुजींना ती शिकवताना फार बोलावं लागायचं नाही. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, त्या जिल्ह्यातल्या पोराला वाटेवर गात चालणारी माणसं समजावून सांगायची काय गरज? गुरुजी एवढंच म्हणायचे, "वाट लांब, पाय दुखलेले, चोरांची भीती, आणि तोंडी हे गाणं. आता म्हणा." मग आम्ही १२१वं म्हणायचो. 'मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो. मला साहाय्य कोठून येईल?' आमच्या सपाट मुलखात उंच म्हणजे गिरणीची चिमणी. एका वर्षी एका पोरानं विचारलंच, की डोंगरच नाहीत तर बघायचं कुठं? गुरुजी म्हणाले, "डोंगर मदत करत नाही रे. पुढची ओळ म्हण." पुढच्या ओळीत आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा येतो. त्याला डुलकी लागत नाही, तो झोप घेत नाही, हे त्यानंतर. रात्री मांडवात सतरंजीवर आडवं पडल्यावर ते झोप न घेण्याचं मला फार बरं वाटायचं.

धैर्य म्हणजे काय हे मला ५६व्या स्तोत्रावरून कळलं. पुढे इस्राएलचा राजा झालेल्या दावीदाला त्याच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, गथ गावी धरलं तेव्हाचं ते, असं त्याच्या मथळ्यातच आहे. ते म्हणायला एक दहा वर्षांचा मुलगा उभा राहिला होता. ध्वनिक्षेपक हातात आला आणि त्याचा आवाजच गेला. मांडव गप्प. त्याचा काका मागून अस्सल सोलापुरीत ओरडला, "म्हण की बे, काय घाबरलालास!" पाळकसाहेबांनी काकांना हातानं खाली बसवलं आणि पोराच्या शेजारी उकिडवे बसले. "घाबरलास ना? मग तेच तर म्हणायचंय. तिसरी ओवी काय आहे?" पोरगं हळूच म्हणालं, 'मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन.' "आणि चौथीत?" चौथीत आहे की मी भिणार नाही. पाळकसाहेब उठले आणि आम्हां सगळ्यांकडे बघून म्हणाले, "दाविदानं तिसरी म्हटली म्हणून चौथी म्हणता आली. एकदम चौथीवर उडी मारू नका."

त्या दिवसापासून मी स्तोत्रं त्या नजरेनं वाचत आले. भीती आधी देवापुढे मांडलेली असते, अगदी तिच्या नावागावासकट, शत्रूंच्या संख्येसकट. तिसऱ्या स्तोत्रात दावीद पोटच्या पोरापासून, अबशालोमापासून पळतोय. तेराव्यात तो देवालाच विचारतो, मला कोठवर विसरणार? ४२व्यात माणूस स्वतःच्या जिवाशी भांडतो, 'तू का खिन्न झालास?' असं त्याला दटावतो. भरवसा येतो तो या सगळ्याच्या मागून.

मग १९९३ साल. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची. किल्लारीच्या भूकंपाचा तो हादरा आमच्यापर्यंत आला. मांडणीवरची भांडी खाली आली, सगळी चाळ रस्त्यावर. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. जखमींना सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात आणलं जात होतं. आमच्या मंडळीतल्या एक मावशी नर्स होत्या, त्या कित्येक दिवस घरी फक्त अंघोळीपुरत्या येत होत्या.

त्या दिवाळीला मेळावा भरवावा की नाही यावर बरीच बोलणी झाली आणि भरवायचं ठरलं. पाहुण्यांपैकी कुणीही घरात, छताखाली झोपायला तयार नव्हतं. सगळे मांडवात, आणि मांडवाच्याही कडेला. नेमलेल्या स्तोत्रांत ४६वं नव्हतं. पाळकसाहेबांनी ते ऐनवेळी घातलं आणि वाचायला नर्स मावशींना बोलावलं. 'देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे' इथपर्यंत त्यांचा आवाज नीट होता. पुढे येतं, 'म्हणून पृथ्वी जरी उलटीपालटी झाली'. तिथं त्या थांबल्या. पुस्तक हातात, नजर पुस्तकावर, पण पुढचा शब्द येईना. मग मागच्या रांगेतून, म्हाताऱ्यांतून, कुणीतरी पुढची ओळ उचलली. मग दुसऱ्यानं. ज्यांना पाठ होतं ते सगळे म्हणायला लागले आणि 'तरी आम्ही भिणार नाही' हे मांडवानं म्हटलं.

उमरग्याकडचे एक गृहस्थ त्या वर्षी आले होते. त्यांच्या घरातलं कोण कोण गेलं होतं ते इथं लिहीत नाही. ते उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "साहेब, भिणार नाही हे माझ्यानं म्हणवत नाही." कुणी त्यांना विश्वास कमी म्हणून बोललं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "नका म्हणू. तेवढी ओळ यंदा आम्ही म्हणतो तुमच्यासाठी. तुम्ही नुसते बसा आमच्यात." तीन रात्री ४६वं झालं आणि तिन्ही रात्री ते बसून ऐकत राहिले. पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी ते म्हणायला लागले, ते कधी सुरू झालं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मंडळी कशासाठी असते असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

त्या दशकात गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प होत गेले. आमचे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर, होते. पगार थकला, मग गिरणीला कुलूप, मग देणी मिळतील मिळतील म्हणत वर्षं. त्याच काळात एकदा त्यांच्या वाट्याला ३७वं स्तोत्र आलं. ४० ओव्यांचं. ते पाठ करण्यात त्यांचा हातखंडा होता, घडाघडा म्हणत गेले. पंचविसाव्या ओवीवर आले. मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, पण नीतिमान निराश्रित झालेला माझ्या पाहण्यात आला नाही, अशा अर्थाची ती. ती म्हटली आणि पुस्तकात नसलेलं एक वाक्य बोलले. "दाविदाच्या पाहण्यात आलं नसेल. माझ्या येतंय."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि, ७३वं कुणाला येतं, असं विचारलं. दावीदाच्या काळातल्या आसाफ नावाच्या गायकाचं ते स्तोत्र. दुष्टांची भरभराट बघून माझे पाय जवळजवळ घसरलेच होते, असं तो कबूल करतो, आणि देवाच्या पवित्रस्थानात जाईपर्यंत त्याला काही उमगत नाही. एका शिक्षिकाबाईंनी ते म्हटलं. वडील ऐकत उभेच राहिले, मग खाली बसले. उत्तर मिळालं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढे ते यंत्रमागावर बारा-बारा तास टॉवेल विणायला जायला लागले. एकदा मी डबा द्यायला गेले होते तेव्हा मागाच्या खडखडाटात त्यांचे ओठ हलताना दिसले. जवळ गेल्यावर ऐकू आलं, 'आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपव; त्याच्यावर भाव ठेव'. तीच ३७व्यातली पाचवी ओवी. पंचविसाव्या ओवीशी भांडण मिटलं नसेल, पण पाचवी त्यांनी सोडली नव्हती.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट सांगायची आहे. स्तोत्रं म्हणजे ताईत नव्हेत. ९१वं स्तोत्र २०२० साली, कोरोनात, घरोघरी म्हटलं गेलं, दारावर लिहिलं गेलं. त्या वर्षी मांडव पडला नाही, फोनवरच आळीपाळीनं वाचन झालं. मरी, रात्रीचं भय, दिवसाचा बाण हे सगळं त्यात आहे, म्हणून ते त्या दिवसांत आठवणं साहजिकच होतं. पण ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना, तुम्ही ९१वं नीट म्हटलं नसेल, असं सुचवणारेही निघाले. याचा मला आजही संताप येतो. येशूला मंदिराच्या टोकावरून उडी टाक असं सांगताना सैतानानं याच स्तोत्रातलं वचन वापरलं होतं, हे मत्तय आणि लूक दोघांनीही लिहून ठेवलंय. आणि तोच येशू वधस्तंभावर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडला, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? दुःखातल्या माणसाला धीर द्यायचा तर त्याच्याजवळ बसून २२वं म्हणावं, मग २३वं. मृत्यूच्या छायेची दरी त्यातही आहे, पण त्या दरीत 'तू माझ्याबरोबर आहेस' हेही आहे.

आता पाठांतर मोबाइलवर चालतं. मुलं आपल्या आवाजात रेकॉर्ड करतात आणि कानात घालून ऐकतात, आणि ते मला चांगलंच वाटतं. गेली काही वर्षं स्तोत्रं नेमायच्या समितीत मी आहे. यंदा यादीत मी ८८वं सुचवलं. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटपर्यंत एकही उजेडाची ओळ नाही. तरुण संघातल्या दोघांचं म्हणणं पडलं की मेळावा आनंदाचा असतो, पोरांना उदास कशाला करायचं, स्तुतीचं १०३ घेऊ. मी म्हटलं, १०३ घ्याच, ८८ही घ्या. तेही देवाशीच बोललेलं आहे, 'हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा' अशी त्याची सुरुवात आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे आणि मी उमरग्याच्या त्या गृहस्थांची गोष्ट सांगणार आहे. कुणी म्हणायला तयार झालं नाही तर ८८वं मी स्वतः पाठ करते, डब्यांच्या मांडणीवर कागद लावलेलाच आहे.