फुल अँड फायनल आणि ओगलेवाडीचं स्टेशन

३० जून २०२३, शुक्रवार. चाकणच्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस. आमची लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवली आणि क्वालिटीतले आम्ही नऊ जण एकाच दिवशी मोकळे झालो. ११ वर्षं ८ महिने झाले होते. शनिवारी पहाटे पाचला सवयीने जाग आली. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात पावणेसहाला बस येते. ती येऊन गेली असेल, एवढा वेळ मी गॅलरीत उभा होतो.

फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सुटताना होणाऱ्या शेवटच्या हिशोबाच्या कागदांचं आधी सांगतो, या फेऱ्यात सापडलेल्या कुणाला तरी उपयोग होईल. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या बेसिक-डीएवर, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर निघायची: १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, मग वर्षांनी गुणायचं. सहा महिन्यांच्या वर गेलेले महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणून माझी १२ वर्षं धरली. कायद्याने ती ३० दिवसांत मिळायला हवी. मला तीन मेल केल्यावर ४१व्या दिवशी मिळाली. पीएफच्या पोर्टलवर ‘डेट ऑफ एक्झिट’ कोरीच होती. ती कंपनीने भरायची असते, नाही भरली तर दोन महिने थांबून आपण भरू शकतो. ती तारीख नसेल तर पुढचं सगळं अडतं. तेव्हाच्या नियमाने महिनाभर नोकरी नसेल तर ७५ टक्के काढता येत होते. बायको आणि मी दोन रात्री वहीत हिशोब मांडला आणि पीएफला हात लावायचा नाही असं ठरवलं. तो निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं. मेडिक्लेमचं मात्र चुकलं. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबरच संपतं, हे माहीत असून मी आधी काही केलं नाही. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत आईला साधा खोकला आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

कागदांना निदान एक रीत असते. दुपारला ती नसते. सकाळी मुलीला शाळेत सोडायचो, दुर्गा टेकडीला एक चक्कर मारायचो, भाजी आणायचो, नोकरीच्या साइटवर अर्ज टाकायचो. अकरापर्यंत सगळं उरकायचं. मग दोन ते पाच. सोसायटीचा वॉचमन रोज विचारायचा, “साहेब, सुट्टी काढली का?” मी हो म्हणायचो. आठवड्याभराने तो विचारायचा थांबला, त्याचं मला जास्त लागलं.

त्यात अधिक महिना आला. २०२३ ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. सासरवाडीहून धोंडे जेवायला बोलावणं आलं. जावयाने वाण घ्यायचं, आणि जावई घरी बसलेला. मी दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी गेलो आणि ताटावर बसायच्या आधीच सासऱ्यांना सांगून टाकलं. ते गिरणी कामगारांच्या घरातले. म्हणाले, “जावईबापू, संपात आमच्या घरी दीड वर्ष पगार नव्हता. बसा, पुरण गार होतंय.” त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

परत येताना बसमध्ये डिप्लोमाच्या बॅचचा ग्रुप उघडला. आम्ही कराडच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचे, २००५ चे. ग्रुप मी कित्येक वर्षं म्यूट केला होता. लिहिलं: “माझी नोकरी गेली आहे. नोकरी शोधून द्या म्हणत नाही. दुपारी मोकळा असतो, कुणाला वेळ असेल तर फोन करा.” पाठवायचं बटण दाबताना अंगठा थरथरत होता.

सात जणांचे फोन आले. एक शिरवळच्या कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत बोलला, एक दुबईहून. दोघांनी सांगितलं की मागच्या वर्षी तेही असेच घरी होते. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आठवा फोन माझ्या रूम पार्टनरचा. तो इतकंच म्हणाला, “ये की हिकडं.”

त्याच्याशी मी सात वर्षं बोललो नव्हतो. भांडण नव्हतं. त्याच्या वडिलांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. दर पंधरवड्याला ते पाटणच्या एसटीने हॉस्टेलवर यायचे, डब्यात भाकऱ्या आणि खर्डा, दोघांना पुरेल एवढा. डब्यात माझी भाकरी मोजलेली असायची. २०१६ च्या मार्चमध्ये अण्णा गेले, तेव्हा माझ्याकडे कस्टमर ऑडिट होतं. मी मेसेज टाकला. ऑडिट संपल्यावर फोन करायला लाज वाटली, आणि मग ती लाज वाढतच गेली.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कोयना एक्स्प्रेसने निघालो. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार. एसटीने लवकर पोचलो असतो, पण मला वेळ हवा होता, काय बोलायचं ते जुळवायला. कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. ओगल्यांच्या काचकारखान्यावरून पडलेलं नाव. तिथला प्रभाकर कंदील आमच्या आजीच्या घरी होता. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर रूम पार्टनरचं मोटर वायंडिंगचं दुकान.

त्या ऑगस्टात पावसाने दडी मारली होती. ऊस वाळायला लागला होता, शेतकरी रात्रंदिवस पंप चालवत होते आणि मोटरी जळत होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एक स्टेटर, मोटरचा तारा गुंडाळलेला स्थिर भाग, पुढे सरकवला. “ह्याचे फेरे मोज.” जळालेली कॉइल कापून एकेक तार मोजायची, मायक्रोमीटरने जाडी बघायची, तेवढ्याच फेऱ्यांची नवी कॉइल बांधून स्लॉटमध्ये कागद घालून बसवायची. फेरे चुकले तर मोटर तापते. तासभर आम्ही कामाचंच बोललो.

मग मी म्हणालो, “अण्णांच्या वेळी मी आलो नाही.”

त्याने तार ओढणं थांबवलं नाही. “दहाव्यापर्यंत तुझी वाट बघितली,” तो म्हणाला. “घाटावर सुदीक मागं वळून बघत होतो.” बऱ्याच वेळाने म्हणाला, “आई इचारती अजून तुझं. संध्याकाळी घरीच जेवायचं.”

मी चार दिवस राहिलो. सकाळी दुकान, संध्याकाळी प्रीतिसंगमावर भेळ. उत्तरेकडून कृष्णा येते, समोरून कोयना, आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. पाणी कमी होतं, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. अण्णांचा दहावा कुठल्या पायरीवर झाला ते त्याने दाखवलं. निघताना काकूंनी डबा दिला. घरी येऊन उघडला तर भाकऱ्या आणि खर्डा.

त्यानंतर दुपारी दोनला आमचा फोन ठरलेला. मी मुलाखतीची तयारी त्याला बोलून दाखवायचो, तो मोटरी मोजता मोजता ऐकायचा आणि जिथे मी अडखळायचो तिथे बरोबर थांबवायचा.

सप्टेंबरात तळेगावच्या एका कंपनीत निवड झाली, साइटवरून टाकलेल्या साध्या अर्जातूनच. पगार पहिल्यापेक्षा थोडा कमी. २५ तारखेला रुजू व्हायचं ठरलं. ऑफर लेटरवर सही करताना मी एकच गोष्ट मागितली: ५ ऑक्टोबरला सुट्टी, कराडला म्हाळाला जायचं आहे.

एचआरच्या मॅडमनी विचारलं, “घरातलं कोण?”

मी म्हणालो, “अण्णा.”